होडीचे कुरकुरणारे इंजिन

पहाटेच्या वेळी खाडीतून निघालेली होडी मुखाशी येते. पुढे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटताना दिसू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी होडीच्या पाठीमागच्या फळीला अडकवलेले इंजिन खोकू लागते. ते बंद पडत नाही. बंद पडले असते तर तांडेलाने वल्ही काढून होडी मागे वळविली असती. ते चालते, पण ओढत नाही. गतीची मूठ पुरी फिरविली तरी वेग वाढत नाही. मधेच एक झटका देऊन ते पूर्ववत चालू लागते आणि पुन्हा त्याचा आवाज बसतो. पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असे अर्धवट चालणारे यंत्र अधिक धोक्याचे असते. ते भरवसा देते आणि तो पाळत नाही.

किनाऱ्याला परत आल्यावर जे घडते तेही बहुधा ठरलेले असते. कोणी म्हणतो कार्ब्युरेटर साफ करा, कोणी म्हणतो प्लग बदला, तिसऱ्याला कॉइलचा संशय येतो. जमलेल्या मंडळींपैकी प्रत्येकाच्या इंजिनाला पूर्वी काहीतरी झालेले असते, आणि तेच या इंजिनालाही झाले असावे असे ज्याला त्याला वाटते. मग एकाच दुपारी तिन्ही गोष्टी उरकल्या जातात. इंजिन सुधारले तर ते कशाने सुधारले हे कळत नाही. न सुधारले तर जुन्या दोषात उघडझाकीच्या नव्या दोषाची भर पडली की काय, हेही कळत नाही. जुन्या इंजिनाची दुरुस्ती ही हातांच्या कौशल्याची बाब समजली जाते आणि ती तशी आहेच. परंतु त्याआधी ती चौकशीची बाब आहे, आणि कोणत्याही चौकशीत एका वेळी एकच प्रश्न विचारणे इष्ट असते.

होडीच्या बाहेर टांगलेले म्हणून या यंत्राला ‘आउटबोर्ड’ म्हणतात. त्याच्या आधीही काहींनी असे प्रयत्न केले होते. परंतु नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेतील मिलवॉकी येथे स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड याने १९०९ च्या सुमारास बाजारात आणलेल्या यंत्राने या प्रकाराला खरा प्रसार मिळवून दिला. भारतात केरळच्या किनाऱ्यावरील पारंपरिक होड्यांना १९८० नंतरच्या दशकात ही इंजिने झपाट्याने बसविली गेली. गोव्याच्या आणि कोकणच्या लहान होड्यांवरही ती आज सर्रास दिसतात. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनाही ती अपरिचित उरलेली नाहीत. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या फुगवलेल्या होड्या याच जातीच्या यंत्रांवर गल्लीबोळांतून फिरत होत्या.

यातली जुनी इंजिने बहुतेक दोन-ठोक्यांची, म्हणजे टू-स्ट्रोक, आणि पुष्कळदा दोन सिलिंडरांची असतात. त्यांची रचना समजली की त्यांचे रुसवेही समजू लागतात. मोटारगाडीच्या इंजिनात तेलाचा साठा वेगळा असतो. येथे तो नाही. वंगणाचे तेल इंधनातच मिसळून घालावे लागते. हे मिश्रण हवेबरोबर प्रथम दट्ट्याच्या खालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढले जाते. दट्ट्या खाली आला की ते तेथे दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये जाते, तेथे पुन्हा दाबले जाते आणि ठिणगीने पेटते. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की या इंजिनात दट्ट्याच्या वरचा दाब आणि खालचा दाब हे दोन्ही महत्त्वाचे असतात. दुसरी अधिक गंभीर आहे: इंधन कमी पडले की तेलही कमी पडते. सुधारायच्या आशेने पुऱ्या गतीवर हाकलेले, इंधनाची उपासमार झालेले इंजिन त्याच फेरीत दट्ट्या खरवडून घेऊ शकते. वीस-तीस रुपयांच्या एका रबरी कडीचा दोष असा हजारोंच्या खर्चापर्यंत जातो.

इंजिन उघडण्यापूर्वी दोष इंजिनाचाच आहे ना, एवढे पाहून घेणे बरे. पंख्याभोवती जाळ्याचा दोर गुंडाळला गेला असेल, किंवा होडीच्या बुडाला शिंपल्यांचा थर बसला असेल, तर निरोगी इंजिनही थकल्यासारखे चालते. याउलट इंजिनाचा आवाज वर चढतो, फेरे वाढतात, पण होडी पुढे सरकत नाही, असे होत असेल तर दोष पंख्याच्या मध्यभागी असलेल्या रबरी बुशात असण्याचा संभव अधिक. ते आतल्या आत घसरू लागले की बाहेरून काहीच दिसत नाही. पंख्याच्या आतल्या व बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि होडी भाराखाली चालवून आणावी. रेघ तुटलेली दिसली तर कार्ब्युरेटर खोलण्याचे श्रम वाचले.

आता इंजिनाकडे. त्याला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात: दाब, ठिणगी आणि इंधन. चौकशी याच क्रमाने करावी, कारण दाब गेलेला असेल तर पुढच्या दोन गोष्टींवर केलेला खर्च पाण्यात जातो. दोन्ही प्लग काढावेत, त्यांच्या तारा इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवाव्यात, गतीची मूठ पूर्ण उघडावी आणि प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने दाबमापक लावून दोरी चार-सहा वेळा जोराने ओढावी. आकडा किती आला यापेक्षा दोन आकडे एकमेकांजवळ आहेत की नाहीत, हे पाहायचे असते. दोहोंत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक अंतर असेल तर कमी दाबाच्या बाजूला दट्ट्याच्या रिंगा काजळीने चिकटलेल्या, झिजलेल्या किंवा माथ्याचे गॅस्केट फुटलेले असण्याची शक्यता असते. काढलेले प्लगही साक्ष देतात. फिक्या तपकिरी रंगाचा कोरडा प्लग समाधानकारक होय. काळा व ओला असेल तर त्या सिलिंडरमध्ये इंधन येते पण नीट जळत नाही. पांढराफटक व तापून फोड आल्यासारखा असेल तर इंधन कमी पडत आहे. त्यावर पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला तर थंडाव्यासाठी फिरणारे पाणी आत शिरत आहे.

दोन सिलिंडरांच्या जुन्या इंजिनाची सर्वांत नित्याची तक्रार म्हणजे ते प्रत्यक्षात एकाच सिलिंडरवर चालत असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. हळू गतीवर थरथर वाढते, भाराखाली ताकद निम्म्याहूनही कमी होते, तरी ते चालते हे खरे. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू असताना एकेका सिलिंडरचे काम थांबवून पाहावे. एकाची ठिणगी तोडताच इंजिन मंदावले तर तो सिलिंडर काम करीत होता; काहीच फरक पडला नाही तर आळशी तोच. मात्र प्लगची तार काढून ती हवेत लोंबकळत ठेवू नये. ती चांगल्या तारेने इंजिनाच्या धातूला जोडलेली असावी. विशेषतः इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या इंजिनात मोकळ्या तारेमुळे महागडा भाग जळू शकतो. त्यानंतर दोन्ही प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला तर प्लग बदलावा. जागच्या जागी राहिला तर प्लग निर्दोष आहे आणि पुढे तार, कॉइल, कंडेन्सर यांची पाळी. असा अदलाबदलीचा उपाय फुकटचा असतो, आणि नवा भाग आणण्यापूर्वी तो करून पाहण्याचा कंटाळा फार महाग पडतो.

ठिणगीच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. प्लग काढून इंजिनाला टेकविला, दोरी ओढली, बारीकशी ठिणगी दिसली की प्रज्वलन ठीक आहे असे मानतात. परंतु मोकळ्या हवेत ठिणगीला उडी मारणे सोपे असते. सिलिंडरच्या आत दाबलेल्या वायूत तीच उडी कितीतरी कठीण होते. म्हणून परीक्षेसाठी सुमारे सहा मिलिमीटरचे अंतर ठेवून पाहतात. तेवढे अंतर निळसर, टचकन आवाज करणाऱ्या ठिणगीने ओलांडले तर ती पुरेशी. पिवळट व रेंगाळणारी असेल तर कमजोर. ही परीक्षा करताना पेट्रोलची टाकी दूर असावी आणि प्लगची भोके झाकलेली असावीत, हे सांगणे अनावश्यक वाटेल. पण प्लगच्या भोकांतून उडणारा इंधनाचा फवारा आणि त्याच्या शेजारीच ठिणगी, असे दृश्य दुर्मिळ नाही. १९५०-६० च्या काळातील अमेरिकी बनावटीच्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली मॅग्नेटो असतो. त्यातील कॉइलांचे आवरण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने भेगाळते, आणि संपर्कबिंदूंवर, म्हणजे पॉइंटांवर, खाऱ्या हवेचा पातळ थर बसतो. अशा अनेक इंजिनांत पॉइंटांमधील अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवायचे असते. पुष्कळदा स्वच्छ कोऱ्या जाड कागदाची पट्टी त्यांच्यामधून दोन-तीनदा ओढल्यानेच मेलेली ठिणगी जिवंत होते.

दाब आहे, ठिणगी आहे, तरीही इंजिन ओढत नाही, तर प्रश्न इंधनाचा. येथे सर्वांचा हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरकडे जातो. वस्तुतः तो इंधनाच्या प्रवासातील शेवटचा टप्पा आहे. सुरुवात टाकीपासून करावी. टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक लहानसा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर इंधन जसजसे खेचले जाते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंधरा-वीस मिनिटांनी इंजिनाची उपासमार सुरू होते. पुढे रबरी नळी, तिच्या मध्यावरचा हाताने दाबायचा रबरी फुगा, दोन टोकांचे जोड, गाळणी आणि इंधनाचा पंप. बहुतेक नळी पंपाच्या ओढीकडच्या बाजूला असल्यामुळे तिला चीर पडली तर इंधन बाहेर गळतेच असे नाही. हवा आत शिरते. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षे टिकते. नळीचा थोडा भाग पारदर्शक घातला तर आतून वाहणारे बुडबुडे तिचा पुरावा देतात.

या ठिकाणी दोन साध्या कसोट्या फार उपयोगी पडतात, आणि दोन्हींना हत्यार लागत नाही. इंजिन अडखळू लागताच कोणीतरी तो रबरी फुगा दाबत राहावे. त्याने इंजिन सावरले तर कार्ब्युरेटर बहुतेक निर्दोष आहे. दोष त्याच्या अलीकडे, पंपात किंवा नळीत आहे. पंप हा एक पातळ पडदा असून तो क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारावर हलतो. पडदा कडक झाला किंवा फाटला की पुऱ्या गतीला लागणारे इंधन तो पुरवू शकत नाही. फुगा दाबून काही फरक पडला नाही, तर दुसरी कसोटी: चोक किंचित ओढावा. चोक ओढल्याने इंजिन सुधारले तर त्याला इंधन कमी मिळत होते, म्हणजे कार्ब्युरेटरचे जेट तुंबले आहे किंवा कोठूनतरी जादा हवा शिरत आहे. अधिकच गुदमरले तर इंधन कमी नाही, कदाचित जास्तच आहे. शोध दुसरीकडे घ्यावा. हळू चालते पण वेग घेत नाही, त्याचा मोठ्या गतीचा जेट पाहावा. वेगात चालते पण हळू गतीवर मरते, त्याची हळू गतीची बारीक वाट तुंबलेली असते. एवढे निदान झाल्यावर कार्ब्युरेटर जरूर खोलावा; मात्र जेटच्या भोकात तार खुपसू नये. त्या भोकाचे माप हेच त्याचे सारे मोल असते.

तेलाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. इंजिन जुने झाले म्हणून प्रेमाने तेल थोडे जास्त घालण्याची रीत आहे. पन्नासास एक या प्रमाणात लिटरला वीस मिलिलिटर, पंचविसास एक या प्रमाणात चाळीस. कोणते प्रमाण घ्यायचे ते त्या इंजिनाच्या निर्मात्याने ठरविलेले असते. जास्त तेलाने प्लग काळे होतात, रिंगा चिकटतात, आणि तेलाने जागा अडविल्यामुळे जेटमधून जाणारे प्रत्यक्ष इंधन तितके कमी होते. जुन्या माणसाला जादा तूप वाढावे तसाच हा प्रकार.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांची कथा थोडी निराळी. थंड इंजिनात रॉकेलची वाफ नीट होत नाही, म्हणून ते पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर नेतात. थांबण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवावे लागते, म्हणजे पुढच्या वेळी कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल तयार असते. घाईत ही शेवटची पायरी गाळली जाते आणि दुसऱ्या पहाटे तोच मनुष्य दोरी ओढून घामाघूम होतो. या इंजिनांतील दाबाचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेले असते. केवळ पेट्रोलसाठी बनविलेल्या इंजिनात स्वस्त म्हणून रॉकेल घातले तर आत ठोके बसू लागतात आणि दट्ट्याचे आयुष्य संपते.

पेट्रोलमध्येही आता जुन्या इंजिनांना अनोळखी असा घटक आला आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. जुन्या रबरी नळ्या, पडदे आणि बुचाची गॅस्केटे त्याच्यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात, त्यांचे कण जेटमध्ये जाऊन बसतात. याहून वाईट गोष्ट टाकीच्या तळाशी घडते. ओलावा एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे पडतात आणि तळाशी थर करून बसतात. वंगणाचे तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. इंजिनाला जाणारी नळी मात्र तळापासूनच ओढते. म्हणजे जे आत जाते ते धड जळत नाही आणि त्यात वंगणही नसते. समुद्रावर, दमट हवेत, अर्धी रिकामी टाकी महिनाभर ठेवून दिली तर हा प्रकार सहज होतो. संशय आल्यास टाकीच्या तळाचे थोडे इंधन काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर ते सारे इंधन बाजूला काढावे. त्यात ताजे पेट्रोल ओतून ते ‘सुधारण्याचा’ प्रयत्न करू नये.

सर्वांत छळवादी दोष तो, की जो कारागिरासमोर दिसतच नाही. इंजिन सकाळी उत्तम सुरू होते, वीस मिनिटे उत्तम चालते, मग मरगळते; अर्ध्या तासाने पुन्हा उत्तम. किनाऱ्यावर पाण्याच्या पिंपात पाच मिनिटे चालवून पाहणाऱ्याला त्यात काहीच वावगे आढळत नाही, आणि तांडेल खोटा ठरतो. येथे संशयित प्रामुख्याने दोन. एक, वर सांगितलेला टाकीचा बंद श्वास. दुसरा, तापल्यावर हतबल होणारी कॉइल किंवा कंडेन्सर. थंड असताना त्यांच्यातील भेग मिटलेली असते, उष्णतेने ती उघडते आणि ठिणगी हरवते. दोघांतील भेद तेथेच, समुद्रावरच करता येतो. इंजिन मरगळताच टाकीचे झाकण सैल करावे. हवा सूं करून आत शिरली आणि फुगा दाबताच इंजिन लगेच सावरले, तर दोष टाकीचा. झाकण उघडूनही काही झाले नाही आणि केवळ वेळ गेल्यावरच ते सावरले, तर दोष विजेचा. अशा वेळी तापलेल्या इंजिनाचीच ठिणगी तपासली पाहिजे. थंड इंजिनाची दहा वेळा केलेली तपासणी येथे निरुपयोगी. मात्र त्याआधी मागच्या बाजूने पाण्याची बारीक पिचकारी उडते आहे ना, तेही पाहावे. पाणी वर चढविणारे रबरी चक्र वाळूने झिजते, वापराविना ताठरते, आणि क्षणभरही कोरडे फिरविले तर घासले जाते. पिचकारी नसेल तर इंजिन ताबडतोब बंद करण्याखेरीज दुसरा विचार नको.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात कित्येक इंजिने कोपऱ्यात उभी राहतात. पुरासाठी घेतलेली तर वर्षातले अकरा महिने गोदामात असतात. अशी इंजिने यादीत सज्ज असतात, आणि त्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये राहून गेलेले पेट्रोल सुकून त्याचा लाखेसारखा थर जेटमध्ये बसलेला असतो. ठेवण्यापूर्वी गोड्या पाण्यात चालवून आतले मीठ धुवावे, इंधनाची नळी सोडून कार्ब्युरेटर कोरडा होईतो चालू ठेवावे, प्लगच्या भोकांतून थोडे तेल घालून दोरी हलकेच ओढावी आणि गिअरचे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरते आहे. पुढे दर महिन्याला ताज्या इंधनावर पिंपात दहा मिनिटे चालवून पुन्हा कार्ब्युरेटर कोरडा करावा. गोदामाच्या नोंदवहीत यंत्रांच्या संख्येचा रकाना असतोच. त्याच्या शेजारी इंजिन शेवटचे कधी चालविले ती तारीख आणि दोन्ही सिलिंडरांच्या दाबाचे आकडे लिहिण्यापुरती जागा सहज करता येते. आणि होडीत, इंजिन कितीही नीट असो, वल्ह्यांची एक जोडी बांधून ठेवलेली असावी.